अल खोरच्या वाळूतलं मंगळसूत्र

१

नीता अशी काही किंचाळली की केरबानं करकचून ब्रेक लावला आणि उरलेल्या मटकीच्या उसळीचा डबा सगळाच्या सगळा माझ्या मांडीवर आला.

"माझं मंगळसूत्र! पर्समध्ये होतं हो! आत्ता नाहीये!"

शुक्रवारची दुपार उतरत होती. अल खोरच्या किनाऱ्यावरची पिकनिक आटोपून आम्ही दोह्यातली मराठी मंडळी कंपनीच्या मिनीबसनं परत निघालो होतो. वाटेवरच्या उम्म सलाल मोहम्मद गावातली दुकानं दिसायला लागली, थंड पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या म्हणून नीतानं पर्स उघडली आणि हा हलकल्लोळ.

नीता म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधली, नाशिकची. तिचा नवरा नंदू वेस्ट बे भागातल्या नव्या बांधकामांवर इंजिनिअर आहे. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की शेजारच्या गाडीतल्याला वाटावं, आपल्यालाच ओरडतोय.

"पर्समध्ये कशाला ठेवलंस?" तो गरजला.

"पाण्यात उतरायचं होतं ना, म्हणून काढून ठेवलं. आणि पर्स गाडीत ठेवली."

"गाडीपाशी दिवसभर कोण होतं?"

सगळ्यांच्या माना ड्रायव्हरच्या सीटकडे वळल्या.

केरबा माण तालुक्यातला. दोन वर्षं आमची बस चालवत होता. बायकांच्या पिशव्या उचलून द्यायचा, मला न चुकता 'वैनी' म्हणायचा. तो उठून उभा राहिला. "साहेब, म्या पर्सला हात बी लावला न्हाय. देवाशपथ."

"खिसे दाखव."

आणि अहो, भर रस्त्यात, आमच्या सगळ्यांच्या देखत, त्या माणसानं खिसे उलटे केले! एक फणी निघाली, विड्यांचं बंडल निघालं. सीटखाली पाहिलं, टपावर पाहिलं. मंगळसूत्र नाही. मी तर सुन्नच झाले. उसळ पुसायचंसुद्धा सुचेना.

बस आणि रेतीचे ट्रक ज्या वाहतूक कंपनीचे, तिच्या ऑफिसातला जहूर म्हणून सुपरवायझर होता. संध्याकाळी नंदूनं त्याच्या कानावर घातलं. जहूरनं फार विचार केला नाही. "अगले जुम्मे तक चीज मिल गई तो ठीक," तो म्हणाला, "नहीं तो खलास. उसी दिन बंबई का टिकट."

पासपोर्ट जहूरच्या कपाटात. केरबाच्या धाकट्या भावाचा, शहाजीचा, व्हिसाही त्याच ऑफिसातून निघायचा होता. चोराच्या भावाला कोण व्हिसा देतं?

२

आता आमच्या घरातल्या सवतीविषयी सांगायलाच हवं.

माझा नवरा प्रताप तेल कंपनीत इंजिनिअर. त्याच्या ऑफिसातला एक इंग्रज नोकरी सोडून मायदेशी निघाला आणि जाताना मेटल डिटेक्टर प्रतापच्या गळ्यात मारून गेला. लांब दांडा, टोकाला ताटलीसारखी चकती, हाताशी एक पेटी आणि कानाला हेडफोन. वाळूवरून चकती फिरवत जायचं, खाली धातू असला की कानात आवाज येतो. झालं! तेव्हापासून शुक्रवार म्हणजे आमचे खजिनदार किनाऱ्यावर, मान खाली घालून झाडू मारल्यासारखे चाललेत.

खजिना कसला निघायचा? खिळे, बाटल्यांची बुचं, कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या. कधीमधी एखादं दिरहमचं नाणं. ते निघालं की स्वारी घरी येऊन वॉशबेसिनपाशी उभी. जुना टूथब्रश आणि चांगली टूथपेस्ट घेऊन असं घासायचं की राजाच्या मुकुटातलं रत्न असावं. माझी टूथपेस्ट महिनाभर पुरेनाशी झाली.

"काय प्रतापराव, आज किती बुचं?" नंदू सगळ्यांसमोर विचारायचा, आणि बस हसायची. प्रताप पण हसायचा, पण रात्री जेवताना गप्प असायचा. तो शिकत होता बिचारा, अगदी मनापासून. एकदा मला खुशीत म्हणाला, "या पेटीवर एक बटण आहे. ते वर फिरवलं की हा सगळा कचरा मुका होतो. कड्यांवर आवाजच येत नाही!"

"मग माझ्या टूथपेस्टवर उपकार होतील," मी म्हटलं.

मंगळसूत्र गेलं त्यानंतरच्या सोमवारी तो ऑफिसातून परस्पर अल खोरला गेला. "कोण जाणे, वाळूत पडलं असलं तर? केरबा तरी सुटेल." मला त्याचा खरंच अभिमान वाटला. परत आला तो वाळूनं माखून. "मिळालं?" मी विचारलं.

"कसलं काय! कड्याच कड्या," तो म्हणाला, आणि शीळ घालत बाथरूममध्ये गेला.

मला मात्र चैन पडेना. केरबाचे ते उलटे केलेले खिसे डोळ्यांसमोरून हलत नव्हते. म्हणून मी माझ्या परीनं चौकशीला लागले. पहिली गेले नीताकडे.

तिनं दार उघडलं ते गळ्याभोवती पदर लपेटूनच. चहा टाकला. मी सरळच विचारलं, "नीता, मला एक कळत नाही. आपण अंघोळीला मंगळसूत्र काढत नाही, आणि तू समुद्रात पाय बुडवायला काढलंस?"

तिच्या हातातली गाळणी खाली पडली. "खारं पाणी ना, मृणालताई. मणी खराब होतात."

"कोणी सांगितलं?"

"असंच. वाटलं मला."

बाल्कनीत तिचं पिकनिकचं ब्लाउज वाळत होतं. गळ्यापाशी पिवळा डाग होता, साबण लागून कडेनं लाल झालेला. हळदीचा डाग कोणत्या बाईला ओळखता येत नाही?

"हे काय गं?"

"वड्यांचं पीठ लागलं असेल," ती म्हणाली आणि घाईघाईनं ब्लाउज आत घेऊन गेली.

वडे तर मी केले होते! नीतानं आणल्या होत्या पोळ्या.

३

केरबा गाड्यांच्या अड्ड्यावर भेटला. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत जहूरनं त्यालाच कामावर ठेवलं होतं. चोर म्हणायचं आणि गाडी पण चालवून घ्यायची, हा न्याय!

"केरबा, खरं सांग, त्या दिवशी काय काय दिसलं तुला?"

"वैनी, म्या खोटं कशाला बोलू? ताईंनी पर्स गाडीत ठिवली, हे खरं हाय. पर उतरायच्या वक्ताला त्यांनी पर्समधनं रुमाल काढला. गाठ मारल्याला. त्यो कमरंला खोचला आन् मंग उतरल्या."

"हे तू नंदूसाहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हनले, आता बाईमानसाच्या कमरंकडं बगतुस व्हय रं!" तो खाली बघत राहिला. "वैनी, मार परवडंल. पर चोर म्हून गावात उतरायचं? माझी म्हातारी इचारंल, तिला काय सांगू?"

मी त्याला म्हटलं, "मी आहे ना." म्हटलं खरं, पण हातात काय होतं माझ्या? गाठ मारलेला रुमाल आणि हळदीचा डाग!

शुक्रवार उजाडला. प्रतापनंच सगळ्यांना फोन केले होते. सगळ्यांनी चला, नीट शोधू, शेवटचा दिवस आहे. सगळे आले. बसमध्ये प्रत्येक बाईची पर्स मांडीवर, दोन्ही हातांत धरलेली. केरबा गाडी चालवत होता, आणि समोरच्या आरशात त्याला मागचं सगळं दिसत होतं. जहूर त्याच्या पिकअपमधून मागोमाग येत होता.

किनाऱ्यावर आधी वाळू चाळून झाली, काड्या खुपसून झाल्या. मग प्रतापनं हेडफोन चढवले. पेटीवरचं बटण वर फिरवलं, चार पावलं इकडे, चार तिकडे. गाडी जिथं उभी असते तिथून जरा खाली, कोरड्या वाळूत तो थबकला.

"लागलं! आवाज येतोय!"

तो गुडघ्यांवर बसला, हातानं वाळू उपसली आणि मूठ वर केली. काळे मणी, दोन वाट्या. उन्हात लखलखत होतं!

अगं बाई, काय तो जल्लोष! नीता तर मटकन खालीच बसली. नंदूनं प्रतापला उचललंच. "प्रतापराव, मानलं बुवा! बुचंवाला म्हणून हसलो, माफ करा!" लोक टाळ्या वाजवत होते. केरबा बसला टेकून उभा होता. त्यानं डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, सुटला बिचारा.

तेवढ्यात नंदू एकदम थांबला.

"पण एक मिनिट. हे पर्समधून वाळूत चालत आलं का?" त्याचा आवाज चढला. "याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? यानंच काढलं आणि गाडीजवळ पुरून ठेवलं! मागाहून येऊन न्यायचं म्हणून!"

टाळ्या बंद पडल्या. केरबाचे जोडलेले हात तसेच राहिले.

जहूरनं त्याचं मनगट धरलं. "सबूत मिल गया. यल्ला, चलो."

"साहेब, म्या न्हाय वो! वैनी, सांगा की!"

मी प्रतापकडे पाहिलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. मिटलं. आणि पिकअप धूळ उडवत निघून गेली.

४

मला संताप आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. प्रतापला लोकांनी वेढलं होतं. डिटेक्टर वाळूत पडला होता. मी तो उचलला. म्हटलं, मेल्या, तुझ्यामुळेच अडकला तो! आणि कोण जाणे का, हेडफोन कानाला लावले.

माझा डावा हात चकतीवरून फिरला. हातात सोन्याची अंगठी आणि पाटली. कानात चिडीचूप.

बॅटरी गेली वाटतं, म्हणून पर्समधलं दिरहमचं नाणं वाळूवर टाकलं. टूंऽऽ! खणखणीत आवाज. म्हणजे यंत्र जिवंत होतं. मी अंगठी काढून टाकली. गप्प. जवळ पडलेली डब्याची कडी टाकली. तीही गप्प.

मग मी बटण खाली फिरवलं. कडीवर आवाज आला. अंगठीवर आला तो अगदी त्याच सुराचा! पुन्हा बटण वर, दोन्ही मुक्या. पुन्हा खाली, दोन्ही बोलक्या. या यंत्राच्या लेखी पातळ कडी आणि दागिन्यातलं सोनं एकाच पंक्तीला बसत होतं. कचरा नको म्हणून बटण वर फिरवलं की कचऱ्याबरोबर सोनंही मुकं होत होतं. प्रताप नवशिका. त्याला हे कुठं ठाऊक?

त्यानं बटण वर फिरवताना मी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे त्याच्या कानात काहीही वाजलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "आवाज येतोय," आणि नेमक्या जागी खणलं!

मी नीताकडे धावले. "जरा बघू."

आठवडाभर खाऱ्या वाळूत पडलेलं मंगळसूत्र कसं असावं? वाट्यांच्या पोकळीत वाळू घट्ट बसलेली असावी. इथं वाळूचा कण नव्हता. एका वाटीच्या आत, कडेला, काहीतरी पांढरं सुकलेलं होतं. मी नखानं खरवडलं आणि नाकाशी नेलं.

पुदिना! माझी टूथपेस्ट!

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मंगळसूत्र माझ्या घरात होतं. माझ्या बेसिनवर घासलं गेलं होतं. आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते!

५

मी प्रतापला हाताला धरून बसच्या मागे नेलं.

"सोमवारी मिळालं ना तुम्हाला?"

"काय?"

"अहो, वाटीत टूथपेस्ट आहे! आणि तुमच्या यंत्राला आज सोनं ऐकूच येत नव्हतं. मी तपासलंय. खोटं बोलू नका आता."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चोरलं नाही गं मी. सोमवारी खरंच मिळालं. पाण्याच्या कडेला, तुम्ही बायका बसला होतात ना, तिथं."

"मग त्याच दिवशी का नाही दिलंत?"

त्यानं चपलेवरची वाळू झटकली. मग म्हणाला, "सोमवारी कोण होतं बघायला? म्हटलं, शुक्रवारी सगळ्यांसमोर... नंदूसमोर... केरबा सुटणारच होता गं. चार दिवसांचा तर प्रश्न. आणि पाण्याच्या कडेची जागा भरतीत जाते, म्हणून इथं वर पुरलं, सकाळी, तुम्ही चटया टाकत होतात तेव्हा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. बारा वर्षांचा संसार माझा या माणसाशी! "आणि नंदू त्याला चोर म्हणाला तेव्हा? जहूरनं मनगट धरलं तेव्हा? तेव्हा काय झालं होतं तुमच्या जिभेला?"

"सगळे टाळ्या वाजवत होते, मृणाल," तो म्हणाला. एवढंच म्हणाला!

लाज वाटली मला. त्याची, आणि त्याच्या शेजारी उभं राहण्याची. पण रडायला वेळ नव्हता, कारण अर्धंच कोडं सुटलं होतं. पर्समधलं मंगळसूत्र पाण्याच्या कडेला गेलं कसं? त्याचं उत्तर प्रतापकडे नव्हतं, ते नीताकडे होतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. नंदू शेजारीच होता. असू दे, म्हटलं.

"नीता, मंगळसूत्र पर्समधून गेलंच नाही. ते तू रुमालात बांधून कमरेला खोचलं होतंस. केरबानं पाहिलं. आणि ते आधीच तुटलेलं होतं. बघ, सर मध्येच तुटलीय. गळा रिकामा राहू नये म्हणून तू हळकुंड बांधलंस, दोऱ्यात. त्याचा डाग ब्लाउजला लागला. हळकुंड काही किनाऱ्यावर मिळत नाही, म्हणजे ते घरूनच बांधून आलीस. खरं की खोटं?"

तिनं पदर बाजूला केला. गळ्यात पिवळा दोरा होता, अजून.

"गुरुवारी तुटलं, मृणालताई," ती हुंदके देत म्हणाली. "आदल्याच दिवशी ह्यांच्या साइटवर परांची कोसळली होती. हे थोडक्यात वाचले. आणि लगेच मंगळसूत्र तुटलं म्हटल्यावर... ह्यांना कसं सांगू? सासूबाईंना कळलं असतं तर? घरी ह्यांच्या हाती लागायला नको म्हणून बरोबर घेतलं, म्हटलं, परतल्यावर सोनाराकडून गुपचूप ओवून घेऊ. किनाऱ्यावर रुमालाची गाठ कधी सुटली कळलंच नाही. पर्समध्ये होतं, हेच तोंडून निघून गेलं. मग मागं कसं फिरायचं?"

नंदूचा तो गडगडणारा आवाज पार बसला होता. "अगं, मला सांगायचंस," तो म्हणाला. "मी त्याचे खिसे उलटे करायला लावले गं."

"चला," मी म्हटलं. "सगळे बसमध्ये बसा. आत्ताच्या आत्ता."

"चालवणार कोण?" कोणीतरी विचारलं. केरबाला तर घेऊन गेले होते. किल्ली बसमध्येच होती. शेवटी नंदू स्टिअरिंगवर बसला.

६

जहूरच्या ऑफिसात केरबा बाकावर बसला होता. पायाशी बॅग, दोरीनं बांधलेली. टेबलावर त्याचा पासपोर्ट आणि संध्याकाळच्या विमानाचं तिकीट.

प्रतापनं जहूरला हिंदीत सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. नीतानंही तिचं सांगितलं. जहूर आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. "या अल्ला! पढ़े-लिखे लोग हो आप," तो म्हणाला आणि तिकीट फाडून टाकलं. पासपोर्ट कपाटात परत गेला. शहाजीच्या व्हिसाचं काम थांबणार नाही, हे मी त्याच्याकडून तिथंच वदवून घेतलं.

नंदू पुढं झाला. "केरबा, चुकलं माझं. माफ कर बाबा. चल, विसरून जा आता."

केरबा उठला नाही. "मंडळी कुठं हायत?"

"कोण मंडळी?"

"ज्यांच्या म्होरं खिसं उलटं केलं ती. समदी."

"बाहेर बसमध्ये आहेत."

"मंग त्यांच्या म्होरं सांगा. हितं चौघात नगं."

प्रतापनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. तो बसमध्ये चढला आणि दोन सीटांच्या मधल्या जागेत उभा राहिला. टाळ्या वाजवणारे सगळे तिथंच होते. त्यानं सांगितलं. सोमवारी मिळालं, घरी ठेवलं, आज पुरलं, आणि याला नेलं तेव्हा मी गप्प राहिलो. मग नीता उभी राहिली. तिनंही रुमालाचं सगळं सांगितलं. केरबा दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता.

सगळं संपल्यावर नंदूनं बसची किल्ली त्याच्यापुढं धरली. "घे. तुझी गाडी."

केरबानं किल्ली घेतली, खाली उतरला आणि ती जहूरच्या हातात ठेवली. "भाई, मेरेकू रेती का ट्रक दे दो."

जहूर चक्रावला. "पागल है क्या? बस में एसी है. उधर दिनभर धूप में मरेगा."

"चलेगा. रेती भरेगा, रेती डालेगा."

मला राहवलं नाही. मी मागोमाग उतरले. "केरबा, अरे, झालं ना आता सगळं स्वच्छ? सगळ्यांना कळलं की तू घेतलं नव्हतंस. मग बस का सोडतोस?"

"कळलं न्हवं, त्ये बेस झालं," तो म्हणाला. "पर सकाळधरनं समद्यांनी पाकिटं उराशी धरली व्हती. आरशात दिसतं मला. उद्या मी गाडी चालवीन आन् त्याच आरशात बघत बसंन, कुनी धरलंय, कुनी सोडलंय. नगं. वाळूला पाकीट नसतं."

त्यानं बॅग खांद्यावर टाकली. मी नुसतीच उभी होते.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

दोन वर्षं त्यानं मला वैनी म्हटलं होतं. तो ट्रकांच्या रांगेकडे निघून गेला, आणि मी तिथंच, सगळी बस बघत असताना, ओक्साबोक्शी रडले.